समुद्र कुणाच्या नावावर?

परवा आमच्या बँकेत एक खातेदार परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म घेऊन आले. थायलंडात, फुकेतच्या किनाऱ्यावर त्यांना बंगली घ्यायची होती. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू देते. माझी ही मर्यादा दरवर्षी जशीच्या तशी शिल्लक राहते!

"पण तिथं परक्याला जमीन विकत मिळत नाही ना?" मी विचारलं.

"फ्लॅट मिळतो, तोही इमारतीतल्या ४९ टक्क्यांच्या आत. जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं."

"आणि राहणार किती?"

"वर्षातून आठ दिवस!"

मी हसणार होतो. पण कुठल्या तोंडानं? मीही एकदा चार दिवसांच्या सहलीत तिथं गेलो होतो. संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभे असताना सौ. म्हणाली, "अहो, इथं आपलं घर असतं तर?" झालं! माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. भाडेपट्टा, देखभाल, खारा वारा, गंजणारे गज, भाडेकरू... हिशेब संपवून वर पाहिलं, तर सूर्य अंदमानच्या समुद्रात बुडालेला. सौ.नं तो एकटीनंच पाहिला.

तेव्हापासून प्रश्न पडलाय. आवडलेली गोष्ट आपल्या नावावर करावीशी का वाटते? नावावर केल्यावर ती जास्त आवडते, की नुसती जास्त सांभाळावी लागते? कारकुनानं याचं उत्तर काय द्यावं? मी फॉर्मवर शिक्का मारला आणि एवढंच म्हणालो, "साहेब, त्या आठ दिवसांत नळ दुरुस्त करणाऱ्याला संध्याकाळी बोलावू नका."