माळवदाचे वय

एखाद्या घराचे वय किती, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा किंवा फार तर दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचा वाटतो. परंतु बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, युसूफ वडगावसारख्या गावच्या जुन्या गावठाणात उभे राहून तो विचारला, म्हणजे उत्तर शोधता शोधता मनुष्य नकळत वैशेषिकांच्या आणि बौद्धांच्या पुरातन वादात जाऊन पोहोचतो, आणि तो वाद तेथे पोथीतल्यापेक्षा अधिक स्वच्छ दिसतो, असे माझे मत आहे.

या मुलखातील जुने घर म्हणजे माळवद: काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि या सर्वांच्या माथ्यावर चोपून बसविलेली पांढरी माती. वय शोधणारा प्रथम दाराची चौकट पाहतो. तीवर शके 1845 कोरलेले आढळले, तर त्यात 78 मिळवून 1923 हे इसवी साल निघते. त्याच सुमाराचा निजामी अमदानीतला उर्दू कागद हाती लागला, तर त्यावर फसली 1333 असेल. आणि घर मुसलमान कुटुंबाचे असेल, तर कदाचित हिजरी 1342. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यामुळे एकाच दिवशी पाया घातलेल्या दोन शेजारघरांपैकी एक शकाच्या हिशेबाने 100 वर्षांचे होते, त्या वेळी दुसरे हिजरीच्या हिशेबाने 103 वर्षांचे झालेले असते. दोन्ही हिशेब अस्सल आहेत.

चौकटीवर काहीच नसेल, तर साहित्याची साक्ष घ्यावी लागते. मंगळुरास बाझेल मिशनने कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, तेव्हा मंगलोरी कौल त्यापूर्वीच्या घरावर मुळापासून असणे शक्य नाही. बार्शी लाइट रेल्वे लातुरापर्यंत 1911 मध्ये आली, तेव्हा या भागातील माळवदात तुळईच्या जागी लोखंडी रूळ दिसला, तर तो बहुधा त्यानंतरचा समजावा. परंतु ही साक्ष एकेरी आहे. कौल दुरुस्तीत आलेले असू शकते, आणि याच्या उलट तुळई घराहून वृद्ध असू शकते, कारण सागवान या प्रदेशात दुर्मीळ, म्हणून पडलेल्या वाड्याचे लाकूड नव्या घरात जाणे ही येथली जुनी वहिवाट आहे. मराठवाड्यात तर पडक्या देवळांचे यादवकालीन कोरीव दगडही साध्या घरांच्या जोत्यांत बसलेले दिसतात. त्या दगडावरून घराचे वय सातशे वर्षे ठरविणे उघडच चुकीचे होईल.

म्हणून जाणता गवंडी सुट्या वस्तूंपेक्षा सांध्यावर अधिक विसंबतो. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड परस्परांत गुंतलेले असतील, तर त्या भिंती एकाच वेळी उठल्या. दोहोंमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ फट गेली असेल, तर एक मागाहून येऊन टेकली. तुळईला निकामी खाच असेल, तर तिने पूर्वी दुसऱ्या घराचा भार वाहिला आहे. कणादांच्या वैशेषिक परंपरेचे म्हणणे नेमके हेच आहे. तंतूंहून पट हा निराळा अवयवी, आणि त्याच्या उत्पत्तीचे असमवायी कारण म्हणजे तंतूंचा परस्परसंयोग. तेव्हा घराचे वय म्हणजे दगडलाकडांचे वय नव्हे, त्यांच्या संयोगाचे वय, असा निकाल गवंडी आणि वैशेषिक दोघेही एकमुखाने देतात.

परंतु या निकालातच अडचण दडलेली आहे. वैशेषिकांच्या काटेकोर मताप्रमाणे एक अवयव निघाला वा वाढला, तरी पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. आणि माळवदावर तर दरसाल पावसाळ्यापूर्वी माती घालावीच लागते. म्हणजे प्रत्येक मृगाला नवे घर! मिलिंद राजापुढे रथाची चाके, आस, जू वेगवेगळी दाखवून रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव ठरविणारे नागसेन भिक्षू येथे संतोषाने मान डोलावतील. नैयायिक यावर प्रत्यभिज्ञेचा आधार घेतील: दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा महिन्यांनी परतते, आणि 'हे तेच घर' या निःशंक जाणिवेने कुलूप उघडते. मात्र दिव्याची ज्योतही क्षणोक्षणी नवी असून तीच भासते, हा बौद्धांचा प्रतिवाद दुबळा नाही.

धर्मविधीने हा गुंता सुटतो काय? वास्तुशांतीत वास्तुप्रतिमा घराच्या आग्नेय कोनात पुरतात. तिच्यापासून घराचा जन्म मोजावा आणि पुढील दुरुस्त्या त्याच्या आयुष्यात जमा धराव्या, ही तोड सुबक आहे. पण शेजारचे मुसलमानाचे घर त्याच रीतीचे, त्याच मातीचे, आणि त्याच्या पायात प्रतिमा नाही. तरी ते शंभर वर्षे तेच घर आहे, हे कोण नाकारील? तेव्हा एकत्वाचे मूळ दोन्ही घरांत समान असलेल्या गोष्टीत शोधले पाहिजे, आणि ती गोष्ट म्हणजे दरसालची ती माती, अर्थात ती घालणाऱ्यांचे कर्म. घराचे एकत्व द्रव्यात सिद्ध असत नाही; प्रत्येक पिढी ते श्रमाने सिद्ध करीत असते. ज्या वर्षी कोणी माती घालीत नाही, त्या वर्षापासून पाणी मुरू लागते, फळ्या कुजतात, आणि घराचे वय वाढणे थांबून पांढरीचे, म्हणजे पडक्या घराच्या मातीच्या ढिगाचे, वय सुरू होते.

येथे थांबता आले असते, तर बरे झाले असते. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीत जो भूकंप झाला, तो मराठवाड्यातल्या कोणाही विचार करणाऱ्या माणसाला ओलांडून जाता येत नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे मेली, ती बहुतांशी दगडमातीच्या अशाच घरांखाली. नवी माती पडत गेली, जुनी उतरली नाही. कित्येक माळवदांवर ती दीड-दोन फुटांपर्यंत चढली होती. ज्या कर्माने घर टिकले, त्याच कर्माचा संचय छपरावर भार होऊन बसला होता. देवळाच्या जीर्णोद्धारात देवतत्त्व कलशात आणून ठेवतात, झिजलेला भाग उतरवितात, आणि मग पुनःस्थापना करतात. उतरविणे हा त्या विधीचाच भाग आहे. घराच्या बाबतीत हे शास्त्र आम्ही विसरलो, आणि परंपरेच्या इतर दालनांतही विसरलो नाही, असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

किल्लारीनंतर माळवद पाडून स्लॅब टाकण्याकडे लोकांचा कल झाला, तो रास्तच आहे. जिवापेक्षा वास्तू मोठी नव्हे. परंतु पाडणाऱ्यांस माझी विनंती आहे. पहार लावण्यापूर्वी चौकटीवरचा शक, कागदावरची फसली, भिंतींचे सांधे, तुळयांच्या जुन्या खाचा आणि वरच्या मातीची जाडी एका वहीत लिहून काढा. घरात जी वृद्ध स्त्री असेल तिला विचारून, माती कोणी, कोठून आणली आणि शेवटची केव्हा घातली, हेही त्यात नोंदवा. आणि ती वही घरच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा.