आपलं माणूस मागे राहिलं तर

जानेवारी 2016 मध्ये तमिळनाडूतल्या तिरुचेंदूरजवळ 80च्या आसपास पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. मच्छीमारांनी त्यांना परत पाण्यात ढकललं, पण कितीतरी जण वळून पुन्हा वाळूवरच आले. 40हून अधिक मेले. त्याच किनारपट्टीवर 1973 सालीही 147 जण असेच येऊन पडले होते. यांनी जीव दिला, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही.

काळाभोर रंग आणि फुगीर गोल कपाळ असलेला हा प्राणी खरं तर डॉल्फिनच्या कुळातला. माकूल पकडायला तो प्रसंगी हजार मीटर खोल जातो. पण मला त्याचं घर अधिक मोलाचं वाटतं. मुलगा असो की मुलगी, कुणीच आईला सोडून जात नाही. फेरो बेटांवर शिकार झालेल्या कळपांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा कळपातल्या पिल्लांचे बाप त्या कळपातले नव्हतेच. नर दुसऱ्या कळपातल्या मादीला भेटतात आणि आईकडे परततात. कॅनडात केप ब्रेटनजवळ तर पिल्लं आईखेरीज इतरांच्याही सोबतीने पोहताना दिसली आहेत, आणि त्या सोबत्यांत नरही असतात.

पायलट व्हेलच्या आखूड परांच्या जातीत मादीची वीण चाळिशीच्या आसपास थांबते, पण ती साठी ओलांडूनही जगते. प्राणिसृष्टीत हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. वीण थांबल्यावरही काही माद्यांना कित्येक वर्षं दूध असतं. म्हाताऱ्या बाईचा घराला काय आधार असतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

अशा घरातलं एक जण अडलं, तर बाकीचे जातील कुठे? जुलै 2023 मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर 55 जणांचा कळप किनाऱ्याला लागला. त्यातली एक मादी बाळंतपणात अडली असावी आणि तिच्यामागे सगळे उथळ पाण्यात शिरले असावेत, असा तपासणाऱ्यांचा कयास होता. वाचला एकच.

न्यूझीलंडमध्ये असे कळप वारंवार किनाऱ्याला लागतात. तिथले स्वयंसेवक एकेकट्याला सोडण्याची घाई करत नाहीत. अंगावर ओल्या चादरी टाकतात, पाणी शिंपडत राहतात, भरतीची वाट पाहतात. तरंगू लागलेल्यांना बाकीचे येईपर्यंत धरून ठेवतात आणि मग सगळ्यांना एकदमच खोल पाण्याकडे वळवतात.