टाळी आणि खुर्ची

गाणे आवडले म्हणजे गाणाराही आवडला, असे आपण सहज धरून चालतो. पण १९३० नंतरच्या दशकात ‘स्विंग’ नावाच्या नाचऱ्या जाझने अमेरिकेला वेड लावले, त्या काळातील वादकांचे आयुष्य पाहिले की ही समजूत डळमळू लागते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबात कलावंत काळे, श्रोते मात्र गोरे. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९२७ पासून तिथेच नावारूपाला आला. पुढे दक्षिणेच्या दौऱ्यांत हॉटेले खोली देईनात, तेव्हा त्याने रेल्वेचे स्वतंत्र डबेच भाड्याने घेतले. मंडळी त्यांतच जेवत नि झोपत. १९३८ साली बिली हॉलिडे आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात गात होती. ज्या हॉटेलात तिचे गाणे, तिथेच तिला सामानाच्या लिफ्टने ये-जा करायला सांगण्यात आले.

मग त्या टाळ्या खोट्या होत्या काय? तसे वाटत नाही. पाय खरोखरच थिरकत होते. परंतु आनंद खरा असला, तरी तो माणसाला आपोआप चांगला करीत नाही. ज्याच्या ढोलकीवर रात्र रंगली, त्याला सकाळी ओसरीवर चढू दिले नाही, असे आपल्याकडेही घडलेच आहे.

१९३६ साली शिकागोत बेनी गुडमन या गोऱ्या वादकाने टेडी विल्सन या काळ्या पियानोवादकाला जाहीर मैफलीत आपल्या साथीला बसवले. एक खुर्ची मांडण्याएवढेच ते काम! पण कलावंताचे ऋण टाळीने फिटत नाही. शेजारी जागा दिली, म्हणजे कुठे ते फिटू लागते.