भाताला चोर म्हणावे काय?

परभाषेतला शब्द कानी पडला, तर त्याचा अर्थ कोणाला विचारावा? प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. आमच्या मते तो आचाराचा आहे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांवर लोक बोलतात अशा १२१ भाषा ह्या देशात मोजल्या गेल्या. तेव्हा हा प्रश्न प्रत्येकाच्या दारी येणारच.

पूर्वमीमांसेत ह्यावर एक अधिकरणच आहे. वेदात पिक, नेम, तामरस असे काही शब्द येतात. आर्यांच्या बोलण्यात ते नाहीत. म्लेच्छ मात्र पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ असे समजतात. (आपला एकादशीचा नेम निराळा बरे! तो अर्धा करून चालत नाही.) पूर्वपक्षी म्हणतो, निरुक्त आहे, व्याकरण आहे, धातू शोधा नि अर्थ बसवा. म्लेच्छाच्या तोंडाकडे काय बघायचे? शबरस्वामींचा सिद्धान्त उलट आहे. प्रमाणाशी विरोध येत नसेल तर म्लेच्छांत रूढ असलेलाच अर्थ घ्यावा. कारण पाखरे धरण्यात आणि पाळण्यात तेच अधिक तरबेज. पाखराचे नाव पारध्याला कळणार नाही तर काय घटपटाची खटपट करणाऱ्याला कळणार? मीमांसकांचे सोवळे केवढे कडक, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ह्या एका जागी त्यांनी ते खुंटीला टांगले.

कुमारिल भट्टांनी तर तंत्रवार्तिकात आपल्याच लोकांची थट्टा केली आहे. द्रविड भाताला ‘चोर्’ म्हणतात, तर आपले पंडित त्याला प्रत्यय लावून ‘चोर’ करतात. त्यांचा साप तो ‘पाप्’, त्याचे झाले ‘पाप’. पोट ते ‘वैर्’, त्याचा केला ‘वैरी’! द्राविडीची ही गत, मग पारसीक, यवन, रोमक ह्यांच्या भाषांचे काय करतील, असे ते विचारतात. तामिळनाडूत आजही भाताला चोरु, सापाला पाम्बु, पोटाला वयिरु म्हणतात. ज्याने पानात भात वाढला त्याला आपण चोर ऐकले, तर दोष कानाचा की वाढणाऱ्याचा?

हे जुन्या पोथीतलेच आहे असे समजू नका. पंढरपुरात एका पंगतीला कर्नाटकातल्या वारकऱ्याने आमच्या टाळकऱ्याला आपुलकीने विचारले, “ऊट आयता?” जेवण झाले का, एवढेच. हा गडी रागावला, “महाराज, पानावरून ऊठ म्हणतो की हो!” बिचाऱ्याच्या हातात तूप होते, आणि तूप हा शब्दसुद्धा कानडीतूनच आपल्या घरी आलेला, अडकित्त्यासारखा.

आपण ‘कानडा’ ह्या शब्दाला ‘न कळणारा, अगम्य’ असाही अर्थ चिकटवला. न कळण्याला शेजाऱ्याचे नाव दिले! ज्ञानोबारायांनी तोच शब्द उचलून विठ्ठलाला लावला. कर्नाटकाचा म्हणा, अगम्य म्हणा, दोन्ही अर्थ तेथे नांदतात.

कोणी म्हणेल, मग आपल्या भाषेची राखण करायची की नाही? करावी. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो आपल्या घरचा कारभार होता. नाथांनी मात्र देवापुढे अर्जदास्तच घातली, कारण लोकांना दरबार त्याच शब्दांनी ठाऊक होता. आपण काय बोलावे हे आपण ठरवावे. दुसरा काय बोलला, हे त्यालाच विचारावे लागते.

नामदेवरायांची पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत. तेथे विठ्ठलाचा ‘बीठल’ झाला आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने उतरवून घेताना तो ‘शुद्ध’ केला होता. आम्ही पुन्हा बीठल लिहायला लावले.