काचेच्या पेटीतली दया

प्राण्यावर जीव आहे म्हणून त्याला कोंडून ठेवणे, ही भूतदया होते काय? हा प्रश्न देहू-आळंदीच्या शेजारीच उभा राहिला आहे. म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डिसेंबर २०१६ मध्ये चाकण येथे एका सदनिकेत पोलिसांना सत्तरांवर विषारी साप सापडले. घोणस आणि नाग. विषाच्या धंद्यासाठी कोंडलेले. हा उघड लोभ. त्याला वाईट म्हणावयास कीर्तनकार कशाला हवा? अवघड प्रश्न आहे तो हौशी माणसाचा. तो विष विकत नाही. सह्याद्रीच्या झाडीतला हिरवागार चापडा आणतो, काचेच्या पेटीत फांदी बसवतो, खाऊपिऊ घालतो आणि म्हणतो, "अहो, रानातही हा तासन्‌तास एकाच फांदीवर बसतो. इथे उलट मुंगसाचे भय नाही!"

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चापडा खरेच फांदीला शेपटीचा वेढा देऊन निश्चल बसतो. पण ते त्याचे दबा धरणे असते. डोळा व नाकपुडी यांमधल्या खळग्यांनी तो अंधारातही भक्ष्याच्या अंगची ऊब ओळखतो. कोठे बसावे, केव्हा उतरावे, हे त्याचे तो ठरवतो. आपल्या घरात बसलेला माणूस आणि घरात कोंडलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. कडी कोणाच्या हाती आहे, ते पाहावे लागते.

दुसरे असे की, गाईला, कुत्र्याला आपला लळा लागतो. सापाला लागत नाही. मग या पाळण्यात सुख कोणाला? पाळणाऱ्याच्या डोळ्यांना. धोका मात्र घरच्या पोराबाळांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ज्यांना कोणी विचारलेच नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते. चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण सूज आणि वेदना भोगाव्याच लागतात.

कोणी विचारील, "प्रतिविषासाठी तरी साप धरावेच लागतात ना?" होय, लागतात. तमिळनाडूत इरुळा लोकांची १९७८ सालची सहकारी संस्था परवान्याने साप धरते, काही काळ ठेवून विष काढते आणि पुन्हा रानात सोडते. त्या विषाच्या अल्प मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तापासून औषध करतात. मुक्या जिवांना त्रास आहेच. पण तेथे गरज माणसाच्या प्राणाची आहे, साप किती धरायचे याला मर्यादा आहे आणि सोडण्याची मुदत ठरलेली आहे. हौसेच्या पेटीला यांतले काय आहे?

आम्ही हीच कसोटी मानतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे साप घरी ठेवणे गुन्हा आहेच. पण शिपायाच्या भीतीने पाळलेली दया किती दिवस टिकणार? आवडले ते आपल्यापाशीच हवे, ही ममता. त्याला त्याच्या जागी नांदू देणे, ही दया. दोन्ही एकच समजलो की घोटाळा होतो. म्हणून घरात वा शेतात साप निघाला तर मारू नये, धरूही नये. वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे. आणि त्यानेही पोरांना दाखवण्यापुरता म्हणून चार दिवस घरी न ठेवता, वनखात्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला लौकर रानात सोडावा.