वासराचा वांटा

गेल्या पौष महिन्यांत मला एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा मुलगा आमच्या जळगांव जामोदचा, सातपुड्याच्या पायथ्याशीं वाढलेला. आज तो अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत राहतो. पोटाचा उद्योग निराळा असला तरी हौसेनें त्यानें दोनतीनशें मेपल वृक्षांचें एक रान पांच वर्षांच्या खंडानें घेतलें आहे. त्या झाडांचा रस काढून, आटवून, त्याचा पाक करणें हा तिकडचा वसंतारंभींचा घरगुती धंदा आहे. पत्राचा मजकूर थोडक्यांत असा होता: "सर, आजवर झाडाला छिद्र पाडून त्याखालीं बादली टांगीत होतों. आतां सर्व झाडें नळ्यांनीं जोडून शेवटीं निर्वात करणारा पंप बसवावा म्हणतों. रस जवळजवळ दुपटीनें येतो असें शेजारी सांगतात. हिशेब जमतो, पण मन जमत नाहीं. झाड देतें तें घेणें आणि झाडांतून ओढून घेणें यांत पापपुण्याचा फरक आहे कां? आपण आम्हांला नीतिशास्त्र शिकविलेंत, म्हणून विचारतों."

मीं त्याच रात्रीं उत्तर लिहून टाकलें. तें उत्तर चुकलें होतें, आणि कां चुकलें हें सांगण्यासाठींच हा लेख आहे. ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, त्यानें एकदां आपलीही वही वाचकांपुढें ठेवावी हें न्यायाचें आहे.

मीं लिहिलें होतें: "झाडाला फुंका घालूं नकोस." फुंका हा शब्द आजच्या पिढीला ठाऊक नसेल. शहरांतले गवळी वासरूं मेलें किंवा मारलें गेलें म्हणजे गाय पान्हा चोरते म्हणून तिच्या अवघड जागीं नळीनें हवा फुंकीत, व त्या यातनेंत तिच्याकडून दूध काढून घेत. या प्रकाराचें वर्णन वाचून गांधीजींचें मन दुधावरून उडालें, आणि 1912 सालीं टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनीं दूध वर्ज्य केलें. पुढें आजारपणांत त्यांनीं शेळीचें दूध घेतलें, आणि व्रताचा शब्द राखला पण भाव राखला नाहीं ही खंत आत्मकथेंत मोकळेपणानें लिहून ठेवली. 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानें फुंका हा गुन्हा ठरला. मीं हें सर्व उदाहरण म्हणून दिलें आणि निष्कर्ष काढला कीं, जें आपण होऊन ठिबकतें तें दान, आणि जें यंत्रानें ओढलें जातें तें शोषण. वाक्य गोळीबंद होतें. गोळीबंद वाक्यांचा मला वर्गांतही मोह होतो.

विद्यार्थ्याचें दुसरें पत्र पंधरा दिवसांनीं आलें. त्यांत रागाचा शब्द नव्हता. फक्त माहिती होती, आणि माहितीइतकें नम्र पण निष्ठुर उत्तर दुसरें नसतें. मेपलचा रस वाहतो तो रात्रीं पाणी गोठावें आणि दिवसा वितळावें अशा दिवसांत. थंडीनें लांकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांतली हवा आकसते, तेथें पाणी ओढलें जाऊन त्याचें बर्फ बनतें. ऊन पडलें कीं तें वितळून आंतला दाब वाढतो आणि वाट मिळेल तेथून रस बाहेर येतो. त्यांत साखर असते शेंकडा दोनच्या आसपास, म्हणून एक शेर पाकासाठीं सुमारे चाळीस शेर रस आटवावा लागतो. आतां पंप काय करतो? तो झाडाला पिळीत नाहीं. नळींतली हवा काढून छिद्राबाहेरचा दाब कमी करतो. वायुभारमापकांत पारा सुमारे तीस इंच चढतो, त्यांतला पंचवीस इंचांइतका भार चांगला पंप उतरवितो. मग जो रस आंतला दाब ओसरतांच थांबला असता तो आणखी कांहीं तास वाहत राहतो. पंप बसविणें म्हणजे बटण दाबून घरीं येणें नव्हे, असेंही त्यानें लिहिलें होतें. खारी नळ्या कुरतडतात, वाऱ्यानें फांद्या पडतात, आणि एका बारीक भोकांतून सगळ्या रानाचा निर्वात निघून जातो. म्हणून बर्फ तुडवीत रोज झाडाझाडाशीं जाऊन कोठें फुसफुस ऐकूं येते कां हें कान लावून पाहावें लागतें. बादलीच्या दिवसांत आपण झाडाकडे इतक्या वेळां गेलों नव्हतों, ही त्याची कबुली.

पुढची गोष्ट मला अधिक झोंबली. उतारावरच्या रानांत अगदीं बारीक नळी वापरली तर नळींतून खालीं उतरणारा रसच आपल्यामागें निर्वात निर्माण करतो. तीस फूट उतार मिळाला तर कोणत्याही यंत्रावांचून जवळजवळ पंपाइतकीच ओढ लागते. मग माझ्या गोळीबंद वाक्याचें काय करावें? तीच ओढ पंपानें लागली तर शोषण, आणि डोंगराच्या उतारानें लागली तर दान?

आणि व्हर्मांट विद्यापीठाच्या प्रॉक्टर संशोधनकेंद्रांतील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, पंपानें काढलेल्या रसांतली साखरही झाडाच्या एकूण सांठ्याचा लहानसाच भाग असते, आणि पंपामुळें झाडाची जखम बादलीच्या छिद्राहून मोठी होत नाहीं. झाडाचें खरें नुकसान रसानें नव्हे, छिद्रानें होतें. छिद्राच्या वर आणि खालीं लांकडाचा एक पट्टा काळवंडतो, आणि त्यांतून पुन्हां कधीं रस वाहत नाहीं. झाड तो भाग आपल्यापुरता कुलूप लावून बंद करतें आणि त्यावर नवें लांकूड चढवितें. म्हणून पुढच्या वर्षीं छिद्र दुसऱ्या जागीं पाडावें लागतें, आणि दहाबारा इंचांहून कमी व्यासाच्या झाडाला तर हातच लावावयाचा नसतो. सारा प्रश्न इतकाच, कीं झाड जितक्या वेगानें नवें लांकूड घालतें त्याहून अधिक वेगानें आपण त्याला जखमा करतों कीं काय.

हें पत्र खिशांत घेऊन मी फाल्गुनांत डोंगराकडे गेलों. आमच्या गांवाच्या उत्तरेस सातपुड्याची ओळ उभी आहे, पलीकडे मध्यप्रदेश. या भागांत भिल्ल, कोरकू आणि निहाल यांची वस्ती आहे. यांपैकीं निहालांची भाषा जगांतल्या कोणत्याच ज्ञात भाषाकुलांत बसत नाहीं असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. रानांत सालई, धावडा, कडई हीं डिंकाचीं झाडें आहेत. सालईचा डिंक धुपाला आणि औषधाला जातो, कडईचा कारखान्यांना, धावड्याचा आमच्या घराघरांतल्या लाडवांना. माझी मुलगी बाळंत झाली तेव्हां तिच्या आईनें केलेले डिंकाचे लाडू मीही चोरून खाल्ले होते. तो डिंक कोणत्या झाडाचा, कोणाच्या हातचा, हा विचार तेव्हां मनांत आला नव्हता.

मीं पाहिलें तें असें. एका सालईच्या खोडाला हातभर उंचीवर लहानशी साल तासलेली, घाव उथळ, शेजारीं गेल्या सालच्या घावाच्या कडा जुळूं लागलेल्या. थोडें वर चढून गेल्यावर दुसरी सालई. तिला चारही बाजूंनीं खोल कुऱ्हाड घातलेली, लांकूड उघडें पडलेलें, वरच्या फांद्या वाळलेल्या. दोनही ठिकाणीं हत्यार तेंच, हातानें चालविलेलें. यंत्राचा येथें संबंधच नव्हता. जो डिंक मी झाडाचें दान म्हणून वर्णीत आलों, तो तर झाडाच्या जखमेवरची खपली! आपण होऊन ठिबकलेल्या थेंबामागेंही बहुधा एखादा कीटक किंवा मोडलेली फांदी असते. आपण जखम करतों, झाड ती बुजवूं पाहतें, आणि आपण तें मलम उचलून नेतों. मेपलच्या छिद्रापेक्षां हा व्यवहार सौम्य आहे असें म्हणण्यास मला आधार उरला नाहीं.

मग रेघ कोठें ओढावी? परततांना मला पृथुराजाची कथा आठवली. भागवतांत ती आहे. पृथ्वीनें धान्यें गिळून टाकलीं म्हणून राजा धनुष्य घेऊन तिच्यामागें लागला. तेव्हां गोरूप घेतलेली पृथ्वी त्याला म्हणाली कीं, मला वासरूं दे, दोहनपात्र दे, म्हणजे मी वत्सलतेनें पान्हा सोडीन. मग मनूला वासरूं करून राजानें दूध काढलें. लहानपणीं ही कथा चमत्काराची वाटे. आतां तिच्यांतला एक शब्द मला सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतो: वासरूं. दोहन आणि शोषण यांतला भेद ओढण्याच्या जोरांत नाहीं, यंत्रांत नाहीं, नुसत्या मापांतही नाहीं. ज्याचा पहिला हक्क, त्याचा वांटा राहिला कीं नाहीं, हा भेद आहे. गाईचें दूध मुळांत वासराचें. फुंक्याचें पाप केवळ यातनेंत नव्हतें. वासरूं नाहींसें करून पान्हा मात्र मागण्यांत होतें. झाडाचें वासरूं म्हणजे त्याची पुढच्या वर्षाची पालवी आणि जखमेवर चढणारें नवें लांकूड. तें पोसून उरलें तें घेतलें तर पंपही दोहनपात्रच. आणि तेंच उपाशी ठेवलें तर साधी कुऱ्हाडही फुंक्याची नळी होय.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा: झाडाला सुखदुःख कोठें आहे? सर जगदीशचंद्र बसूंनीं वनस्पति उत्तेजनाला प्रतिसाद देतात हें यंत्रांनीं दाखविलें. परंतु प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे, आणि माझा विचार वेदनेवर उभाही नाहीं. कोरड्या विहिरीला वेदना नसते. तरी गांवाच्या विहिरीचा तळ खरवडून नेणारा अपराधी आहे असें आपण मानतों. ज्या वस्तूला स्वतःची वाढ आणि स्वतःचा क्रम आहे, तिच्याशीं वागण्याच्या दोन रीती असतात: तिचा क्रम जाणून घेणारी आणि न जाणणारी. नीतीला एवढा आधार पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. कोणी म्हणेल, गुरुजी, ही नीति कोठली, हा तर शहाणा व्यवहार झाला. पुढच्या वर्षीं दूध हवें म्हणून वासराला राखणें ही गवळ्याची हुशारी. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर युक्तिवादांत नसून एका परीक्षेंत आहे. ती परीक्षा म्हणजे शेवटचें वर्ष. खंडाची मुदत संपत आली, पुढच्या हंगामांत रान दुसऱ्याचें होणार, आणि बारीक झाडाला छिद्र पाडलें, किंवा जाड झाडाला एकाऐवजीं चार पाडलीं, तर पाहणारें कोणी नाहीं. तोंवर हुशारी आणि नीति हातांत हात घालून चालत होत्या. येथें त्यांचा रस्ता फुटतो. जो शेवटच्या वर्षींही वासराचा वांटा ठेवतो, त्यानें पूर्वीचीं चार वर्षेंही नीतीनेंच घेतलें होतें असें म्हणतां येईल.

परंतु ही परीक्षा लावतांना न्याय विसरतां कामा नये. ती दुसरी सालई कोणीं मारली हें मला ठाऊक नाहीं. पण मनांत आलें, ज्याला दरवर्षच शेवटचें वर्ष वाटतें, त्यानें काय करावें? हें रान उद्यां आपल्या हातीं राहील, घेतलेला डिंक रास्त भावानें जाईल, याची शाश्वति ज्याला नाहीं, त्याच्या घरींही एक वासरूं उपाशी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांना गौण वनोपजावर मालकी हक्क मान्य केला, तो याचसाठीं महत्त्वाचा कीं तो माणसाला पुढचें वर्ष देतो. कागदावरचा हक्क आणि बाजारांतला भाव यांत जेवढें अंतर, तेवढी कुऱ्हाड खोल जाते. आणि बाजारांतला भाव पाडणारा मी, दुकानांत उभा राहून डिंकावरचे दहा रुपये कमी करून मागणारा! त्या वाळलेल्या झाडावर माझ्याही हाताचा एक घाव आहे.

येथवर आल्यावर आपल्या घराकडे पाहिल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही आईबाप आणि शिक्षक मुलांकडून गुण काढतों. पहांटेची शिकवणी, दिवसाचें कॉलेज, रात्रीची शिकवणी. नळ्या सगळ्या जोडलेल्या, आणि निकालाचा आकडा दुपटीनें यावा अशी अपेक्षा. मेहनत करवून घेणें हें पाप नव्हे. ओढ लागल्याशिवाय पुष्कळ मुलांतला रस बाहेर येत नाहीं, हा माझा अनुभव आहे. पण गेल्या वर्षाची जखम भरली कां, आंत नवें लांकूड चढतें आहे कां, याकडे कान लावून रोज कोण जातो? माझ्या वर्गांत एक मुलगा होता. दोन वर्षें पहिला आला आणि तिसऱ्या वर्षीं त्यानें पुस्तक हातीं धरणेंच सोडलें. मीं त्याला आळशी म्हटलें होतें. आज वाटतें, त्याच्या वांट्याचें मीं कांहीं शिल्लक ठेवलें नव्हतें.

असो. मीं विद्यार्थ्याला तिसरें पत्र लिहिलें तें असें: "माझें पहिलें उत्तर फाडून टाक. पंप खुशाल बसव. बारीक झाडांना हात लावूं नकोस, एका झाडाला एकच छिद्र पाड, आणि रोज त्यांच्याकडे जात जा. खंडाच्या पांचव्या वर्षीं काय केलेंस तें मात्र मला कळीव."

उत्तर आलें: "सर, हें चौथें वर्ष आहे."