कपाटाचे कुलूप काढा

मराठी माध्यमाच्या शाळेतले इंग्रजीचे पुस्तक उघडून पाहा. ओळीओळीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले असतात, वहीत तेच शब्दार्थ पाच-पाच वेळा उतरवलेले असतात. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरी दहावीच्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान धड वाचता येत नसेल, तर दोष त्याच्या बुद्धीला देऊ नये. आपण त्याच्याकडून घोकून घेतले, वाचून घेतलेच नाही.

शब्द पुन्हापुन्हा भेटला की आपला होतो. गोष्टीतला मुलगा पावसात भिजून ‘शिव्हर’ करतो, आजी त्याला घोंगडी पांघरते. वाचणारे मूल अर्थ अर्धामुर्धा ताडते. पुढे फटाक्यांना भ्यालेले कुत्रेही ‘शिव्हर’ करते आणि अंदाज पक्का होतो. पण त्यासाठी मजकूर सोपा हवा. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, असे भाषाभ्यासक पॉल नेशन सांगतात. शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी 1920 च्या दशकात ढाक्यात बंगाली मुलांसाठी क्वचित येणारे शब्द टाळून, नवे शब्द बेताने पेरून वाचनमाला रचली होती. आपण मात्र ओळीत चार अनोळखी शब्द असलेला धडा मुलांपुढे टाकतो.

फिजीच्या खेड्यांतल्या शाळांत 1980 च्या सुमारास एली आणि मंगूभाई या संशोधकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीचशे सचित्र पुस्तके दिली. ही मुले वाचनात इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेली.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय बंधनकारक केले आहे. पण अनेक शाळांत पुस्तके साठा नोंदवहीत असतात आणि कपाटाला कुलूप असते. मुले फाडतील, मग भरपाई कोण करणार, ही त्यामागची भीती. फाटलेले पुस्तक निदान कुणीतरी वाचलेले असते. अधिकाऱ्यांनी कोऱ्या पुस्तकांचे कौतुक थांबवावे. शिक्षकांनी रोज अर्धा तास मुलांना आवडेल ते वाचू द्यावे, त्यावर प्रश्न विचारू नयेत, स्वतःही त्यांच्यासोबत वाचावे.

ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ती मुले कशीही तरून जातील. ऊसतोड कामगाराच्या मुलीला मात्र शाळेतल्या कपाटाचाच आधार आहे. तिच्यापासून पुस्तक दूर ठेवणे हा अन्याय आहे. तो दूर करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. किल्ली शाळेतच असते.